सभा जिंकाल, दप्तराचं काय?

पत्र:

मी एका तालुक्याच्या गावात राहते, बँकेत नोकरी करते. आमच्या गावचं सार्वजनिक वाचनालय शंभरी ओलांडलेलं आहे. मी कॉलेजात असतानाच वडिलांनी मला आजीव सभासद करून ठेवलं. गेली २४ वर्षं अध्यक्ष एकच आहेत. शाळेत ते मला मराठी शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणतं. दर पाच वर्षांनी निवडणूक ‘बिनविरोध’ होते, म्हणजे आम्हाला कळतं तेव्हा ती होऊन गेलेली असते. सभेची नोटीस कार्यवाहांच्या टेबलामागच्या फळ्यावर लागते. सभासदत्वाचा अर्ज मागितला की ‘फॉर्म संपलेत’. प्रोसिडिंग बुक कार्यवाहांच्या घरी. नवी पुस्तकं नावापुरती येतात, ग्रंथपालबाईंचा पगार महिनोन्महिने रखडतो. आता कानावर आलंय की बाजारपेठेतली वाचनालयाची जागा ‘विकसित’ करायची आहे. आम्ही बाराजणांनी परिवर्तन पॅनेल उभं करायचं ठरवलंय. निवडणूक चार महिन्यांवर आली. इथले एक माजी नगरसेवक म्हणतात, तीनशे नवे सभासद करा, वर्गणी मी भरतो, फॉर्म कसे घेत नाहीत तेही मी बघतो. एका सभेत सगळं उलटवू. माझं मन कचरतं. वडील गेले तेव्हा शोकसभेत सरच बोलले होते. त्यांच्याविरुद्ध उभं राहणं बरोबर आहे का? आणि राहायचंच तर कसं?

— एक आजीव सभासद

उत्तर:

ताई,

तुमचा राग सरांवर आहे, पण पत्रातल्या तक्रारी जवळजवळ सगळ्या कार्यवाहांच्या आहेत. नोटीस कुणाच्या टेबलामागे लागते? फॉर्म कुणाकडचे संपतात? प्रोसिडिंग बुक कुणाच्या कपाटात आहे? सरांनी या २४ वर्षांत काय केलं ते तुम्ही लिहिलेलंच नाही. मला वाटतं, फारसं काही केलं नसावं. समोर आलेल्या कागदावर सही केली, १५ ऑगस्टला झेंडा फडकवला, मराठी भाषा गौरव दिनाला भाषण केलं. आपल्याकडच्या बहुतेक संस्थांत अध्यक्ष असतो हार घालायला आणि घालून घ्यायला. कारभार चालतो कार्यवाह आणि कोषाध्यक्ष यांच्या हातून. म्हणून ‘सरांविरुद्ध उभी राहू का’ हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. वाचनालयाची सत्ता नेमकी कुठल्या कपाटात आहे ते आधी पाहू.

तुम्ही बाराजण, हे वाचून पेशवाईतले बारभाई आठवल्याशिवाय राहिले नाहीत. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि त्यांचे काका रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवे झाले. नाव त्यांचं, वस्त्रं त्यांची, फौजही त्यांची. सखारामबापू बोकील, नाना फडणीस, हरिपंत फडके, त्रिंबकराव पेठे या मंडळींनी, म्हणजेच बारभाईंनी, वाड्यात त्यांच्यावर तलवार उपसली नाही. दादासाहेब मोहिमेवर गेले, आणि ज्यांच्या हाती पुण्याचं दप्तर होतं, हिशेब होता, किल्लेदारांशी पत्रव्यवहार होता, त्यांनी नारायणरावांच्या गरोदर पत्नीला, गंगाबाईंना, पुरंदरावर सुरक्षित नेऊन ठेवलं आणि त्यांच्या नावाने कारभार सुरू केला. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळासाठी साताऱ्याच्या छत्रपतींकडून पेशवाईची वस्त्रं आणवली. मधे लढाया झाल्याच, त्रिंबकराव पेठे त्यात कामी आले. पण राघोबादादा हरले ते मुख्यतः या दोन गोष्टींमुळे: पाठीमागचं दप्तर त्यांचं नव्हतं आणि साताऱ्याची मान्यता दुसऱ्याच्या नावावर गेली. १७७५ साली त्यांना सुरतेला इंग्रजांशी तह करावा लागला.

या गोष्टीचा उत्तरार्धही तुमच्या कामाचा आहे. तो पुढे सांगते. आधी तुमच्या माजी नगरसेवकांचं पाहू.

तीनशे जणांची वर्गणी एकाच खिशातून भरली जाते तेव्हा मतं तीनशे नसतात, एकच असतं. त्या गृहस्थांना मी ओळखत नाही, त्यांच्यावर आरोपही करत नाही. पण जिची जागा बाजारपेठेत मोक्यावर आहे अशा संस्थेत कुणी तीनशे मतं विकत घ्यायला निघालं, तर तो वाचनाच्या ओढीने आला असेल असं मानायला मी तयार नाही. तुम्ही जिंकलात तरी पुढची पाच वर्षं प्रत्येक सभेत त्या तीनशे माणसांचा मालक बाहेर गाडीत बसलेला असेल. आणि वर्गणी भरून संस्था घेता येते हे एकदा गावाला दाखवलंत, की पुढच्या खेपेला दुसरा कुणी पाचशे फॉर्म घेऊन येईल. तेव्हा कुठल्या तोंडाने अडवाल?

तत्त्व बाजूला ठेवलं तरी हा बेत तडीला जाणारा नाही. बहुतेक जुन्या संस्थांच्या घटनेत नव्या सभासदाच्या अर्जाला कार्यकारिणीची मंजुरी लागते, आणि मंजुरीनंतर मताचा अधिकार मिळायला ठरावीक मुदत जावी लागते. म्हणजे तुमचे तीनशे अर्ज मंजुरीसाठी जाणार त्याच कार्यवाहांपुढे. ते अडकवतील, तुम्ही भांडाल, मतदार यादीच वादात सापडेल. वादातली यादी म्हणजे निवडणूक लांबणीवर, आणि निवडणूक लांबली की आहे तीच कार्यकारिणी बसून राहणार. कार्यवाह चतुर असतील तर तुमच्याकडून नेमकी हीच चूक व्हावी म्हणून वाट पाहत असतील.

तुमची मतं आधीपासून यादीत आहेत. फक्त ती निजलेली आहेत. शंभर वर्षांच्या वाचनालयात आजीव सभासद भरपूर असतात. कुणी पुण्याला मुलाकडे, कुणी ठाण्याला, कुणाची मुलगी लग्न होऊन पलीकडच्या जिल्ह्यात. त्यांना सभेची नोटीस कधी मिळालेलीच नसते. यादीत बरेचसे मृतही असतील, आणि गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, मोजताना ती नावं एकूण संख्येत धरली जातात, म्हणून सभा दर वेळी गणपूर्तीअभावी तहकूब होते. नोटिशीच्या तळाशी ते वाक्य तुम्ही पाहिलं असेल: अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी सभा होईल व तीस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही. त्या अर्ध्या तासावर गावोगावच्या कार्यकारिणी पिढ्यान्‌पिढ्या जगल्या आहेत. नऊ माणसं चहा पितात, साडेपाच वाजतात, निवडणूक बिनविरोध होते. तुम्हाला तीनशे नव्या माणसांची गरज नाही. आधीपासून सभासद असलेल्या साठ-सत्तर जणांनी त्या दिवशी पाच वाजता खुर्चीत असावं, एवढंच हवं. त्यासाठी घरोघर जावं लागेल, पुण्या-ठाण्याला फोन करावे लागतील, येण्याजाण्याची सोय पाहावी लागेल. कंटाळवाणं काम आहे, पण परिवर्तन पॅनेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सुप्रभात टाकण्यापेक्षा उपयोगाचं.

वार्षिक वर्गणी भरणारे तुमच्या बाजूला असतील तर एक खबरदारी घ्या. संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १५ प्रमाणे ज्याची वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकली आहे त्याला मत देता येत नाही. जुन्या खोडांना हे कलम बरोबर माहीत असतं. मग पावतीपुस्तक ‘छापायला गेलेलं’ असतं, कोषाध्यक्ष ‘बाहेरगावी’ असतात, आणि निवडणुकीच्या दिवशी तुमची माणसं थकबाकीदार ठरतात. वर्गणी घेत नसतील तर संस्थेच्या नावाने डिमांड ड्राफ्ट काढा, सोबत पत्र जोडा, स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा. बँकेतल्या बाईला डिमांड ड्राफ्ट कसा काढायचा ते मी सांगत नाही.

आता दप्तर. प्रोसिडिंग बुक कार्यवाहांच्या घरी असलं तरी संस्थेची सगळी कुंडली त्यांच्या घरात नाही. तुमच्यासारखी वाचनालयं संस्था नोंदणी कायद्याखाली आणि शिवाय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खाली नोंदलेली असतात. म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणी धर्मादाय कार्यालयात तुमच्या वाचनालयाची फाइल आहे. तिथे नकलांसाठी अर्ज करा आणि चार गोष्टी मागा: परिशिष्ट एकचा उतारा, म्हणजे संस्थेची तिथली अधिकृत नोंद, नोंदलेली घटना म्हणजे नियमावली, मागचे बदल अर्ज, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचं कळवणारे अर्ज, आणि गेल्या काही वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल. वाचनालयाला सरकारी अनुदान मिळत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली मान्यतेची आणि अनुदानाची कागदपत्रं, वार्षिक अहवाल, हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात असतं. ते माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतं. ग्रंथखरेदीवर किती खर्च दाखवलाय आणि कपाटात किती पुस्तकं आलीत, हा ताळा तिथे लागतो.

घटना हातात आली की एका बैठकीत, बाराही जणांनी मिळून, मोठ्याने वाचून काढा. नोटीस किती दिवस आधी, ती टपालाने पाठवायची की फळ्यावर चालते, निवडणूक अधिकारी कोण नेमतो, सूचक-अनुमोदक कुणी व्हायचं, सभासदांनी मागणी केल्यास विशेष सभा किती सह्यांवर बोलवावी लागते. पुढारी मंडळींना भाषणं पाठ असतात, नियम नसतात. ज्याला नियमाचा क्रमांक सांगता येतो त्याच्याकडे सभा वळून बघते, हे मी अनेक संस्थांत पाहिलं आहे.

परिशिष्टाच्या उताऱ्यात कदाचित एक गंमत सापडेल. कार्यकारिणीत बदल झाला की विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. अनेक संस्थांत हे कुणी करत नाही, किंवा केलेला बदल अर्ज वर्षानुवर्षं प्रलंबित पडलेला असतो. उताऱ्यावर अजून कैलासवासी झालेली मंडळी कारभार करत असतात. तुमच्या वाचनालयाचंही तसं निघालं, तर गेल्या दोन-तीन ‘बिनविरोध’ निवडणुका कागदावर अर्धवट लटकलेल्या असतील. त्याचा डांगोरा पिटू नका. वकिलाला दाखवा. धर्मादाय कार्यालयात नेहमी उभा राहणारा वकील शोधा. दिवाणी कोर्टातल्या ओळखीच्या वकिलाला यातलं सगळं माहीत असेलच असं नाही.

जागेची धास्ती मात्र निवडणुकीशी बांधून ठेवू नका. सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकणं, अदलाबदल करणं, बक्षीस देणं, किंवा इमारत वा बिनशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने देणं, यासाठी त्याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. परवानगीवाचून केलेला व्यवहार वैध ठरत नाही. तेव्हा असा अर्ज दाखल झालाय का याची चौकशी आजच करा, आणि झाला असेल तर हितसंबंधित सभासद म्हणून लेखी हरकत नोंदवा. हे करायला कुठलंही पद लागत नाही. उद्या निवडणुकीत हरलात तरी ती हरकत उभी राहते. खरं सांगायचं तर तुमची मुख्य काळजी जागेचीच असेल, तर सत्ता न घेताही ती बऱ्याच अंशी मिटू शकते. कार्यवाहांना हटवायची हौस आणि जागा वाचवायची गरज, यातलं तुमच्या मनात काय जास्त आहे ते स्वतःला विचारून ठेवा. दोन्ही असलं तरी हरकत नाही, पण पॅनेलमधल्या बाकीच्यांनाही विचारा. कुणीतरी एकजण निव्वळ जुनं उट्टं काढायला आलेला असतोच.

त्याच कायद्यात कलम ४१ड आहे. हिशेब वारंवार सादर न करणं, मालमत्तेचा गैरवापर, अशा कारणांवर विश्वस्तांना निलंबित करता येतं, काढूनही टाकता येतं. पॅनेलमधल्या तरुण मंडळींना हे कलम फार आवडेल. तूर्त कपाटात ठेवा. ते सिद्ध करायला पुरावा लागतो, वर्षं लागतात, आणि समोर सर असतील. ज्यांनी आयुष्यात वाचनालयाचे दहा रुपये घरी नेले नसतील त्यांच्यावर अपहाराचा शिक्का मारायला निघालात तर सगळं गाव त्यांच्या मागे उभं राहील, आणि त्यांच्या आडोशाला कार्यवाहही. सभेत ‘भ्रष्टाचार’ हा शब्द उच्चारूच नका. लेखापरीक्षण अहवालाचं पान उघडा, अमुक वर्षी ग्रंथखरेदीला इतके दाखवले आहेत, त्या वर्षीची दाखल नोंदवही, म्हणजे आलेल्या पुस्तकांची वही, दाखवा, एवढंच म्हणा. बसा.

सभेच्या दिवसाची तयारी त्याच्या कितीतरी आधी करायची असते. निवडणूक अधिकारी बाहेरचा असावा असं लेखी मागा. दुसऱ्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक, निवृत्त न्यायिक कर्मचारी, ज्यांचं दोन्ही बाजूंशी नातं नाही असे कुणीही. अंतिम मतदार यादी निवडणुकीआधी पुरेसे दिवस प्रसिद्ध करा, असंही लेखी मागा. कार्यवाह ऐकणारच नाहीत, यादीच देणार नाहीत, तर कलम ४१अ खाली धर्मादाय आयुक्तांकडे निर्देश मागण्याचा रस्ता आहे. वकिलाला तो माहीत असेल. सभेत हजेरीच्या रजिस्टरवर आपल्या प्रत्येक माणसाची सही झाली की नाही ते दारातच पाहायला एकाला बसवा. चित्रीकरण करायचं असेल तर आधी कळवून उघडपणे करा. ‘ऐनवेळी येणारे विषय’ या कलमाखाली काय येतंय तिकडे कान ठेवा. जागेचा ठराव यायचा तर तिथूनच येईल. आणि मतमोजणी झाल्यावर लगेच, लोक उठायच्या आत, कोणाला किती मतं पडली ते एका कागदावर लिहून निवडणूक अधिकाऱ्याची सही घ्या, दोन्ही बाजूंच्या प्रतिनिधींच्याही घ्या. इतिवृत्त मागाहून घरी बसून लिहिलं जातं. घरी काहीही लिहिता येतं.

समजा जिंकलात. गुलाल उधळून झाला. दुसऱ्या दिवशी काय?

कार्यवाह किल्ल्या देणार नाहीत. धर्मादाय कार्यालयात तुमचा बदल अर्ज ९० दिवसांच्या आत जाईल. तसाच त्यांचाही एक जाऊ शकतो, की सभा बेकायदा होती आणि आम्हीच कार्यकारिणी आहोत. बँकेत दोन पत्रं पोचतील. तुम्ही काउंटरच्या त्या बाजूला बसता, तुम्हाला ठाऊक आहे शाखा व्यवस्थापक काय करतो. खातं गोठवतो, आणि धर्मादाय कार्यालयाचा कागद आणा म्हणतो. मग ग्रंथपालबाईंचा पगार, ज्याच्यासाठी तुम्ही हे सगळं सुरू केलंत, तो चार महिन्यांऐवजी चौदा महिने रखडतो. वीजबिल थकतं. अनुदानाच्या कागदांवर कुणी सही करायची हा प्रश्न पडतो. लढाई जिंकून वाचनालयाला कुलूप लागल्याची उदाहरणं तुम्हीही ऐकली असतील.

म्हणून माझा आग्रह असा, की पूर्ण पॅनेल निवडून आणायच्या मागे लागू नका. कार्यवाह आणि कोषाध्यक्ष ही दोन पदं मागा. अध्यक्षपद सरांकडेच राहू द्या. हे ऐकून तुमचे निम्मे सहकारी चिडतील, कारण त्यांना पाडायचे आहेत ते सर. फोटो त्यांचा आहे. पण सर अध्यक्ष राहिले तर सत्तांतर शांतपणे होईल, बदल अर्जावर वाद कमी होईल, बँकेला सातत्य दिसेल, गावालाही वाईट वाटणार नाही. दप्तर आणि चेकबुक तुमच्याकडे, हार त्यांच्याकडे. कार्यवाहपद बिनविरोध मिळणार नाही, त्यासाठी मतदान घ्यावंच लागेल, आणि ते घ्या. तिथे माघार नको. हिशेबाची सवय तुम्हाला आहे, म्हणून कोषाध्यक्षपदासाठी तुम्हीच उभ्या राहा. बँकेच्या सेवानियमांत अशा पदाला परवानगी लागत असेल तर ती आधी घेऊन ठेवा, नाहीतर पहिली तक्रार तिथेच जाईल.

जिंकल्यावर ताबा घ्यायचा तो यादी करून, दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी. दाखल नोंदवही, सभासद रजिस्टर, प्रोसिडिंग बुकं (फक्त चालू नव्हे, जुनीही), मुदतठेवींच्या पावत्या, मिळकत पत्रिका, पावतीपुस्तकांची स्थळप्रत, ग्रंथपालबाईंचं सेवापुस्तक. जे मिळालं नाही त्यापुढे ‘मिळाले नाही’ लिहून सही. भांडण नाही, आवाज नाही.

आता बारभाईंचा उत्तरार्ध. राघोबादादांना बाहेर ठेवेपर्यंत सगळे एक होते. नंतर? १७७८ मध्ये त्यांच्यातलेच मोरोबा फडणीस, नानांचे चुलतभाऊ, उलटले आणि शेवटी कैदेत गेले. मुत्सद्द्यांत ज्येष्ठ असलेले सखारामबापू बोकील, तेही कैदेतच वारले. काही वर्षांत कारभार एकट्या नानांच्या हाती आला, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८०० साली ते वारेपर्यंत तो त्यांच्याकडेच राहिला. नाना कर्तबगार होते यात वाद नाही. पण ज्या बाळाच्या नावाने हे सगळं उभं राहिलं तो पेशवा मोठा झाला तरी कारभार त्याच्या हाती काही आला नाही. तुमच्या बाराजणांत नाना कोण आणि मोरोबा कोण हे मला पत्रावरून सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र आत्ताच सांगता येत असेल.

यावर उपाय म्हणजे सत्ता हातात यायच्या आधी, सगळे एकमेकांना गरजेचे आहेत तोवर, दोन गोष्टी लिहून सह्या करा. पहिली, कोण कुठल्या संध्याकाळी वाचनालयात बसणार. खरोखर बसणार, दोन तास, आठवड्यातून एकदा तरी. बाराजणांत सहाजणांचीही नावं भरली नाहीत तर निवडणूक लढवू नका. ज्यांच्याकडे वेळ नाही त्यांनी संस्था ताब्यात घेतली की ती वर्षभरात पुन्हा एखाद्या ‘उत्साही’ माणसाच्या हाती जाते, आणि तुमचे आत्ताचे कार्यवाह २४ वर्षांपूर्वी कदाचित असेच एक उत्साही गृहस्थ होते. आपण सगळे घरी बसलो होतो म्हणून ते बसले, हेही थोडं मान्य करायला हवं. दुसरी गोष्ट, कार्यवाह आणि कोषाध्यक्ष या पदांवर एका माणसाला सलग दोन मुदतींहून जास्त राहता येणार नाही, अशी घटनादुरुस्ती तुमची कार्यकारिणी पहिल्याच वर्षी सभेपुढे मांडेल. दुरुस्तीची रीत घटनेत दिलेली असते, आणि दुरुस्ती धर्मादाय कार्यालयात नोंदवावी लागते. पहिल्याच वर्षी म्हणते, कारण तिसऱ्या वर्षी तुम्हाला ती नकोशी वाटू लागेल.

राहिले सर. शोकसभेतल्या भाषणाचं ओझं तुम्ही बाळगता आहात हे चांगलं लक्षण आहे, पण त्या भाषणाने तुमचं मत त्यांच्याकडे गहाण पडलेलं नाही. त्यांनी तुम्हाला मराठी शिकवली ती गप्प बसण्यासाठी नसावी. त्यांना पॅनेलची बातमी बाहेरून कळता कामा नये, एवढं मात्र त्यांचं देणं लागता. अर्ज भरायच्या आधी जा. एकट्याच जा, बाराजण गेलात तर तो मोर्चा होईल. जागेबद्दल विचारा, रागाने नाही, खरंच विचारा. त्यांना किती माहीत आहे ते चेहऱ्यावर दिसेल. आम्ही उभे राहतोय, तुम्ही अध्यक्ष राहावं अशी माझी इच्छा आहे, असं स्पष्ट सांगा. आणि दोन गोष्टी लेखी मागा: अंतिम मतदार यादीची प्रत, आणि निवडणूक अधिकारी बाहेरचा.

दिल्या, तर तुमचं अर्धं काम त्यांच्या ओट्यावरच झालं, आणि कार्यवाहांनाही ते संध्याकाळपर्यंत कळेल. ‘कार्यवाहांना विचारून सांगतो’ म्हणाले, तर नमस्कार करून निघा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच दोन मागण्यांचा अर्ज, एक प्रत सरांना व एक धर्मादाय कार्यालयाला, कार्यवाहांच्या नावे स्पीड पोस्टाने टाका.